काचेच्या कपाटातला मेघकेतू

मित्रांनो, मी एक जुना वीर आहे; हाडामांसाचा नव्हे, वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा. माझं नाव मेघकेतू. उजवी मूठ आभाळाकडे, पाठीवर निळा शेला. माझ्या चित्रकथा खपत होत्या त्या काळात एका कारखान्यात मला साच्यातून काढलं. पुढे पुस्तकं छापायची थांबली आणि मी एका गोदामात पडून राहिलो. तिथून कुरियरने कुंभकोणमला आलो, विश्वेशच्या घरी.

विश्वेश चाळिशीतला, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातला. महामहम तळ्याजवळ त्याचं चष्म्याचं दुकान. त्याने खोका उघडला, मला तळहातावर घेतलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं.

"ह्या वयांत बाहुल्या?" त्याच्या बायकोने, नित्याने विचारलं. तिला राग नव्हता, नवल वाटत होतं.

"अप्पा ह्याच्या गोष्टी वाचायचे," तो म्हणाला. "पुस्तक तमिळ, पण वाचतां वाचतां आपली मराठी करून सांगायचे. गावांत मेघकेतू तमिळ बोलायचा. आमच्या घरांत मात्र मराठी."

त्याचे अप्पा, म्हणजे वडील अनंतकृष्ण, तो कॉलेजात असतानाच गेले होते.

माझ्यामागून आणखी वीर आले. आमच्यासाठी काचेचं उंच कपाट आलं. दुकान बंद करून आला की विश्वेश आमच्यासमोर बसायचा, चष्मा पुसायच्या मऊ कापडाने एकेकाला पुसायचा. "दिवसभर लोकांना विचारतों, आतां नीट दिसतं कां," तो एकदा नित्याला म्हणाला. "इथं बसलों की मज नीट दिसतं." तंजावरहून लोक आम्हाला पाहायला येत, फोटो काढत. ते माझे मानाचे दिवस होते.

कपाटाच्या तळाशी लाकडी दारांचा एक खण होता. त्यात अप्पा वाचून दाखवायचे ती पुस्तकं होती. तो खण विश्वेशने कधी उघडला नाही. "मज सोसणार नाही," एवढंच म्हणाला.

मग एका पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरली. त्यानंतर एक आवाज सुरू झाला. कागदावरून कोणी नख फिरवावं, तसा. खालून यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आम्ही सगळे ऐकत होतो. पण आमची तोंडं रंगवलेली, उघडणार कशी?

विश्वेशच्या आईला, गंगाबाईंना, आवाज ऐकू येत नव्हता. वास मात्र आला.

"विश्वेश, हे खोलींत ओल्या मातीचा वास येतो. कपाट पुढं ओढून बघ."

"हलवलं तर काच तडकेल, अम्मा. रविवारी बघतों."

रविवारी नवं पार्सल आलं. आईचं बोलणं राहून गेलं.

काही दिवसांनी माझ्या शेजारचा वीर थोडा पुढे सरकलेला दिसला. विश्वेशने त्याला मागे सारलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे. "ह्याचा पायच वाकडा," असं म्हणून विश्वेशने त्याच्या पायाखाली कागदाची घडी ठेवली. पाय सरळ होता, मित्रांनो. फळी कलली होती. भिंतीवरून मातीची एक बारीक रेघ आमच्या मागे वर चढत होती, आणि तो समोरून आमचे चेहरे पुसत होता.

एका दुपारी गंगाबाई त्याला जेवायला बोलवायला आल्या.

"काय करूलास रे? भात निवतो."

"हा एक वर ठेवतों, आलोंच."

त्याने हातातला जड पुतळा वरच्या फळीवर ठेवला आणि खालचं लाकूड कोरड्या बिस्किटासारखं दबलं. कपाट पुढे आलं. विश्वेशने खांदा लावला. गंगाबाई हात लावायला धावल्या, तसा त्याने त्यांना दाराबाहेर लोटलं. पुढच्या क्षणी काच त्याच्या हातावर कोसळली.

हाताला टाके पडले. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत; बारीक स्क्रू आता दुकानातला दुसरा माणूस बसवतो. माझी मूठ तुटली. पण दवाखान्यातून आल्यावर विश्वेशने आमच्याकडे पाहिलंही नाही. तो तळाच्या खणापाशी बसला आणि त्याने दार ओढलं. दार हातातच आलं. आत पुस्तकं नव्हती. वाळवीने बांधलेली माती होती, आणि तिच्यात कुठे कुठे निळ्या छपाईच्या कागदाचे कपटे.

गंगाबाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"मी स्वैपाक करतां करतां ऐकायचें," त्या हळूच म्हणाल्या. "मेघकेतू डोंगरावर उभा राहिला, आणि खालीं पाहून म्हणाला..."

विश्वेश मान वर करून वाट पाहत राहिला.

"पुढचं मज आठवत नाही रे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला जमवा, आमच्याशी खेळा, मोठे झालात तरी लाजू नका. पण ज्याच्या आठवणीसाठी आम्हाला घरी आणता, त्याचं जे उरलं आहे ते आधी उघडून पाहा, हाताळा, उन्हात ठेवा. माझ्यासारखा वीर पुन्हा विकत मिळेल. मला मराठीत बोलताना ज्यांनी ऐकलं, त्यांत विश्वेशखेरीज एक म्हातारीच उरली आहे, आणि तीही विसरत चालली आहे.