मेंदू ग्यानबाचा

“गालाला लावतो? हे काय उत्तर झालं?” साहेबाने नाक मुरडलं आणि मला म्हणाला, “खोडा ते.”

मी खोडलं. त्र्याहत्तर सालची गोष्ट. रिसोडजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी कारकून होतो. खोडा म्हटलं की खोडायचं, लिहा म्हटलं की लिहायचं. माझा कणा कधीच सरकारजमा झाला होता.

ग्यानबा आमचा प्रतवारीचा माणूस. बावीस वर्षं गाडीत कोपरापर्यंत हात घालून तो कापसाची प्रत सांगत आला. तो नाही म्हणाला की भलेभले गुमान गाडी माघारी न्यायचे. साहेबाला त्याचा हा मेंदू मुंबईच्या कॉम्प्युटर मशीनमध्ये भरायचा होता; ते मशीन भोकं पाडलेली कार्डंच वाचायचं. त्यासाठी तीन दिवस प्रश्न चालले: धागा केवढा, रंग कसा, कचरा किती. शेवटी ग्यानबा म्हणाला, “आन् मंग गालाले लावतो. थंड लागला त वजनासाठी पानी मारेल हाये.” गालाचा काही आकडा होईना, मग कार्डावर भोक कुठलं पाडणार!

चार महिन्यांनी मशीनने प्रतवारीचा तक्ता धाडला. घरी पोरगं झाल्यासारखा साहेब तो मिरवत फिरला. त्याच आठवड्यात मारोतराव नावाच्या शेतकऱ्याच्या कापसाच्या सात गाड्या आल्या. ग्यानबाने मूठभर कापूस गालाला लावला.

“साहेब, वला हाये. घेऊ नोका, गंजी तापन.”

“तक्त्यात एक नंबर बसतोय. आणि तक्ता म्हणजे तूच.”

“मी त हा उभा हावो ना, साहेब! मी नाई म्हनून राह्यलो!”

कापूस घेतला. आठव्या दिवशी गंजीतून वाफ निघू लागली. आतला माल पिवळा पडून कुजला होता. चौकशी लागली. साहेबाने रुमालाने तोंड पुसलं आणि बेशरमासारखं सांगितलं, “मशीन चुकत नाही. मेंदू ग्यानबाचा, चूक ग्यानबाची.”

बडतर्फीचा कागद मीच लिहिला, वळणदार अक्षरात. थू त्या अक्षरावर!

ग्यानबाने तो दोनदा वाचला. “नौकरी गेली त जाऊ द्या. पन मले कापूस वळखता येत नाई, असं लिवलं यात?” मग तो माझ्याकडे वळला. “बाबू, मी नाई म्हनलं तवा तुमी व्हते ना तिथं?”

साहेब माझ्याकडेच बघत होता.

“सही इथं करा, ग्यानबा,” मी म्हणालो.