रिकाम्या ओव्हनचा वास

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘नाक’ म्हणायचे. चेष्टेने नव्हे, आदराने. चाळीस वर्षं ह्यांनी घरोघरी गॅसच्या नळ्या बसवल्या आणि गळती शोधली. बाकीचे फिटर ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासत बसायचे, तेव्हा हे दारात उभे राहून सांगायचे, “सिंकच्या मागे, डावीकडे.” खरा नियम असा, की नाकावर विसंबायचं नाही, जोडाला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. नवीन फिटरना हे तोच नियम घसा फोडून शिकवायचे आणि स्वतः कधी पाळायचे नाहीत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई अजून जिन्यातून हाक मारतात, “जरा वास घेऊन जाता का हो?” की लगेच आमची स्वारी चपला घालून तयार.

आमच्या स्वयंपाकघरात वर चार बर्नर आणि खाली ओव्हन अशी एकच जुनी गॅसची शेगडी होती. लेक शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली. आता लेकीची लेक शाळेत जाते. ओव्हनचं दार बिजागरीतून निसटलं होतं आणि मी ते स्टुलाने अडवून ब्रेड भाजत होते. मागचा डावा कोपरा जास्त तापायचा, म्हणून अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायचा. हे सगळं मला डोळे मिटून जमायचं. दर आठवड्याला तीन लाद्या व्हायच्या, एक आम्हाला, एक लेकीला, एक शिवणकामवाल्या बाईंना. दाराचा नवा भाग मिळेना, तेव्हा नवीन शेगडी घ्यायची ठरली. लेक म्हणाली, विजेची घ्या. हे म्हणाले, माझ्या घरात ज्योत हवी. आणि खरं सांगायचं तर मीही ह्यांच्याच बाजूची होते. गॅसच्या आचेत थोडा ओलावा असतो, ब्रेड आतून मऊ राहतो. विजेवरचा ब्रेड म्हणजे पुठ्ठा, असं मी लेकीला तोंडावर सांगितलं होतं.

मग तो मंगळवार आला. मी ओव्हन तापत ठेवून गच्चीवर गेले, कपडे वाळत घालून खाली आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. गॅसचा वास नुसता भरून राहिला होता. ओव्हनची ज्योत विझली होती आणि गॅस चालूच होता. तिथून दोन हातांवर टेबलापाशी हे पेपर वाचत बसले होते. मी धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य कॉक बंद केला आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी.

ह्यांनी पेपरावरून मान वर केली. “उकडतंय का तुला?”

मी काही गप्प बसणारी बाई नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी “हो, उकडतंय,” एवढंच म्हणाले आणि सिंकपाशी जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

वाटलं, पेपरात डोकं असेल. माणसाचं होतं असं कधी कधी. पण मन खायला लागलं. मी ब्रेड भाजते तेव्हा हे दर वेळी दारातून म्हणतात, “वा, मस्त वास सुटलाय!” लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं वाक्य. दोन दिवसांनी मी दार स्टुलाने अडवून ओव्हन पेटवला, आत काहीच ठेवलं नाही, आणि त्याच्यासमोर उभी राहून नजर ठेवली. ट्रेसुद्धा धुऊन ओट्यावर उपडा घातला होता. वीस मिनिटांनी हे आले, दारात थांबले, डोळे मिटले.

“वा,” म्हणाले, “मस्त वास सुटलाय!”

खोटं बोलल्याचा राग आला, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण राग नव्हता तो. इतके दिवस हा माणूस एकटाच ते ओझं वाहत होता आणि मला पत्ता नव्हता, याचं वाईट वाटत होतं. आणि भीती वाटत होती. नवीन शेगडी गॅसची आली आणि मी घरात नसताना एखादा जोड सुटला तर? शिवणकामवाल्या बाईंनी बोलावलं आणि ह्यांनी ऐटीत “काही नाही, निर्धास्त राहा” म्हणून सांगितलं तर?

शनिवारी दुकानात गेलो. विक्रेत्याने दोन्ही शेगड्या शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. विजेची काळी, गुळगुळीत, वर नुसती काच. ती लावायला वेगळी जाड वायर ओढावी लागेल, म्हणाला. गॅसच्या शेगडीची तारीफ करताना त्याने सांगितलं, “ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो. अगदी सुरक्षित.”

“ज्योत विझली तर होतो,” हे म्हणाले. आवाज थेट नवीन फिटरना शिकवतानाचा. “पण मागचा जोड गळला तर? त्याला तुमचं बटण काय करणार? तिथे माणसाचं नाक लागतं.”

विक्रेता हसला. मी ह्यांच्याकडे बघत होते. वाक्य संपलं तसे हे गॅसच्या शेगडीचं एक बटण उगीचच फिरवत राहिले, पुढे, मागे, पुढे. मला तिथेच त्यांचा हात धरावासा वाटला. पण आम्ही दुकानात हात धरणाऱ्यातले नाही.

“मला विजेची हवी,” मी म्हणाले.

हे वळले. “तुला? पुठ्ठा म्हणत होतीस ना?”

“म्हणत होते. आता मला खाली वाकून ज्योत दिसत नाही. गुडघे दुखतात. काडी धरली की हात थरथरतो.” तीन थापा एका दमात. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी रोज तीन मजले चढते आणि हे ह्यांना माहीत आहे.

मला वाटलं, वाद घालतील. चाळीस वर्षं गॅसचं मीठ खाल्लेला माणूस. पण हे माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बरं. तुझा गुडघा म्हणेल तसं.”

शेगडी बुधवारी यायची होती. आदल्या दिवशी जुनी काढायला माणूस बोलावू म्हटलं, तर फणकारले, “माझ्या घरची गॅसची लाइन परका माणूस तोडणार?” माळ्यावरून हत्यारांची पेटी निघाली. इमारतीचा कॉक बंद केला, जुना पाइप सोडवला, भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडाला पांढरी टेप गुंडाळून बूच बसवलं. पाना आवळताना मनगट अजून तसंच चालतं. मग इमारतीचा कॉक पुन्हा चालू करून आले आणि म्हणाले, “वाटीत साबणाचं पाणी कर. आणि ब्रश दे.”

चाळीस वर्षांत ह्यांनी घरी साबणाचं पाणी मागितल्याचं मला आठवत नाही. मी करून दिलं. ह्यांनी बुचाला सगळीकडून फेस लावला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिले. बुडबुडा आला नाही. फेस हळूहळू ओघळून फरशीवर आला तरी हे उठेनात.

“इकडे ये,” म्हणाले. “वास घे.”

मी जागची हलले नाही.

“मला येत नाही गं. दोन वर्षं झाली. त्या मोठ्या तापानंतर गेला तो परत आलाच नाही.” हे बुचाकडे बघूनच बोलत होते. “आधी वाटलं, येईल. मग वाटलं, सांगून तरी काय उपयोग. नाकच गेलं तर मग राहिलो कोण मी.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

“मलाही माहीत आहे, तुला माहीत आहे ते. रिकामा ओव्हन पेटवून माझी परीक्षा घेतलीस ना? डोळे उघडले तेव्हा ट्रे ओट्यावर उपडा दिसला. आणि त्या मंगळवारचंही मग कळलं, खिडक्या का उघडल्यास ते. थंडीत कुणाला उकडतं?”

“मग दुकानात बोलला का नाहीत?”

“तू गुडघ्याचं सांगत होतीस. इतकं मन लावून खोटं बोलत होतीस, मध्ये कसं तोडू?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी खाली बसले, अजिबात न दुखणारे गुडघे टेकवून, आणि बुचाला नाक लावलं. साबण, लोखंड, जुनं तेल. शेजारी ह्यांच्या शर्टाचा घाम. दोनदा नीट वास घेतला, कारण ह्यांनी नवीन फिटरना तसं शिकवलेलं मी ऐकलं होतं.

“काही नाही,” मी म्हणाले. “पक्कं बसलंय.”

ह्यांनी मान हलवली आणि ब्रश वाटीत ठेवला. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, शिवणकामवाल्या बाईंची, “अहो, जरा वास घेऊन जाता का?” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला धरून उठले, चपला घातल्या आणि दारात माझ्याही चपला सरळ करून ठेवल्या.

“आलो,” ह्यांनी खाली ओरडून सांगितलं, “दोघंही येतोय.” साबणाच्या पाण्याची वाटी ह्यांनी स्वतः उचलली.