ब्रेकच्या दिवशीची ड्यूटी

आमच्या हॉस्पिटलात अपघात विभागाच्या डॉक्टरला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. अकरा महिने झाले की एक दिवस ब्रेक, दुसऱ्या दिवसापासून नवी ऑर्डर. सलग वर्ष भरलं तर माणूस कायद्यानं हक्क मागेल, म्हणून ही ट्रस्टची हुशारी. त्या एका दिवशी डॉक्टर कोणाचाच नसतो. तरी बोलावलं की आम्ही सगळे मुकाट कामावर येतो, फक्त हजेरीपटावर सही करत नाही. गाढवपणाच, पण नव्या ऑर्डरच्या भीतीनं केलेला.

मी फुलचंद राठोड, या विभागाचा प्रमुख. प्रमुख कसला, मीही ऑर्डरवरचाच. साधना माझ्या हाताखालची डॉक्टर. तिच्या ब्रेकच्या दिवशी ड्यूटी माझी होती. पण मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात त्याच दिवशी माझा सत्कार ठेवलेला. तांड्यातला पहिला डॉक्टर! शाल-श्रीफळाचा मोह सुटेना. रजा मागितली तर वर नाव खराब होईल, म्हणून आदल्या दिवशी साधनाला फोन लावला.

"सर, उद्या तर माहा ब्रेक आहे ना?" ती म्हणाली.

"ब्रेक कागदावर असते बाई. पेशंटले काय ब्रेक असते? चार घंट्याची गोष्ट आहे. कोणाले सांगू नको."

ती आली. मी हजेरीपटावर माझी सही ठोकली आणि निघालो.

दुपारी थ्रेशरमध्ये हात गेलेला एक मजूर आला. साधनानं रक्त थांबवलं, सलाईन लावलं, ताबडतोब अकोल्याला न्या म्हणून सांगितलं. "इथं काहून होत नाही?" म्हणत नातेवाइकांनी दाराची काच फोडली आणि एकानं लोखंडी स्टूल उचलून तिला हाणलं. मनगट मोडलं. त्याच सुमाराला तांड्यात माईकवरून मला 'देवमाणूस' म्हणत होते, आणि मी मान खाली घालून लाजल्यासारखं करत होतो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरवर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून कायदा आहे. पोलिसांनी हॉस्पिटलला एवढंच विचारलं, या बाई त्या दिवशी ड्यूटीवर होत्या का? हजेरीपटावर सही नव्हती. ऑफिसचे रामराव म्हणाले, त्या दिवशी त्या आमच्या नव्हत्याच. उलट नेमणूक नसताना पेशंट हाताळला, आता नवी ऑर्डर कशी द्यायची?

आमचे ट्रस्टी हुकूमचंद शेठ. माणूस वाईट नाही, हेच तर दुखतं. त्यांनी मला, साधनाला आणि रामरावांना समोर बसवलं.

"डॉक्टरसाब, सीधी बात आहे," ते म्हणाले. "या पोरीले कोणी बोलावलं असन, तर ते ड्यूटीच झाली. मी पोलिसाले तसं लिहून देतो, ऑर्डरबी देतो. तुमी बोलावलं होतं का?"

साधनानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या फोनची नोंद तिच्या मोबाइलमध्ये होती, पण कामाचे फोन तर आम्ही रोजच करायचो. त्यातून काय सिद्ध होणार? हो म्हटलं असतं तर सही करून पळाल्याचं उघड झालं असतं. ऑर्डर गेली असती. तांड्यात काय तोंड दाखवलं असतं?

"नाही," मी म्हणालो. "मी जेवायला गेलो होतो. त्या आपल्या मनानं आल्या असतील."

ती भांडली असती तर मला आणखी चार खोट्या गोष्टी सुचल्या असत्या, आणि बरं वाटलं असतं.

पोलिसांना पाठवायचं पत्र विभागप्रमुखाच्या सहीनं जातं. 'डॉ. साधना घटनेच्या दिवशी सेवेत नव्हत्या.' मी सही केली. रामरावांनी एक प्रत तिच्यापुढं ठेवून पोच मागितली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातात तिनं पेन धरलं, तर कागद टेबलावरून सरकायला लागला. दोनदा सरकला.

"सर, जरा धरता का?" ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. पहिलीतल्या पोरीसारखी वाकडीतिकडी अक्षरं काढत तिनं नाव लिहिलं. त्याखाली सवयीनं 'वैद्यकीय अधिकारी' लिहायला लागली, मध्येच थांबली, आणि तेवढं खोडलं.