भेंडीची पंगत

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक मामाच्या गावाला जातात. मी, दारव्ह्याची कशफ, लीलाकाकूंच्या वावरात भेंडीची आजारी पानं मोजत होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असली अक्कल सुचते.

भेंडीवर केवडा रोग पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, भेंडी पांढरट येते आणि व्यापारी तोंड फिरवतो. रोग पसरवते पांढरी माशी. निंबोळी अर्काने ती दूर राहते का, हे मला बघायचं होतं. म्हणून निम्म्या ओळींवर अर्क फवारायचा, निम्म्यांवर नुसतं पाणी. फरक दिसला, तर यवतमाळच्या कॉलेजातले आमचे सर माझं काम नागपूरच्या परिषदेला पाठवणार होते. नाही दिसला, तर अब्बा गावभर सांगणार होते की पोरगी उन्हाळाभर भाजी पिकवत होती. अब्बांचं गॅरेज बसस्टँडसमोर आहे, त्यामुळे बातमीला वाहनांचा तोटा नाही.

"या ओळीइले नुसतं पाणी कायले?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुलना कराले, काकू. याइले औषध द्याचंच नाही."

"एकाले तूप अन् एकाले पाणी? एकाच पंगतीत?"

त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी तिची नोंद केली नाही. शास्त्रात आठीला रकाना नसतो.

आठवडे गेले. पाण्याच्या ओळीही अर्काच्या ओळींसारख्याच हिरव्यागार! मी डोळे फाडून पिवळी शीर शोधत होते. झाडांना रोग व्हावा म्हणून दुवा मागणारी मी एकटीच असेन. सर परवा वावर बघायला येणार होते.

त्या संध्याकाळी घरी दारव्ह्याला निघाले, पण जीप काही भरेना. तोवर विसरलेली छत्री आणावी म्हणून वावरात परतले, तर काकू पाठीला पंप लावून पाण्याच्या ओळींवर अर्क फवारत होत्या.

"काकू! हे काय करून राह्यल्या?"

"वाढून राह्यली," त्या म्हणाल्या. शरम औषधालाही नाही. "तू गेली का रोज वाढतो. डोमाजीच्या पोरीच्या लग्नात माह्या पानावरून बुंदी तशीच पुढे गेलती. उपाशी पानाचं दुःख मले इचार."

डोमाजी त्यांचे धाकटे दीर. धुऱ्यापलीकडचं, बांधाला लागूनचं वावर त्यांचं. त्या बुंदीपासून दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं.

मी धुऱ्यावर बसले आणि सरळ रडले.

"औषध न मिळालेली एक तरी ओळ पाह्यजे होती, काकू. याच बियाण्याची, याच वेळी पेरलेली."

काकू विरघळल्या. मग त्यांनी हनुवटीने धुऱ्यापलीकडे खुणावलं. "तो आमचं पाहूनच पेरते. तेच बियाणं, दुसऱ्याच दिवशी. त्याच्या झाडाइले मी थेंब नाही वाढला."

इतके आठवडे मोजण्याच्या नादात मी धुऱ्यापलीकडे बघितलंच नव्हतं. मी धावले. डोमाजींची भेंडी हळदीला बसलेल्या नवरीसारखी पिवळी होती! मी टाळ्याच वाजवल्या.

झाडांमधून डोमाजी उभे राहिले. हातात पांढरट भेंड्या. "माह्या वावराचं वाटोळं झालं अन् तू टाळ्या वाजवून राह्यली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पानं मात्र मी मोजली, मान खाली घालून.

सर आले. मी काहीच लपवलं नाही. ते धुऱ्यावर उभे राहून पोट धरून हसले, मग म्हणाले, "जसं झालं तसंच लिही, पंगतीसकट. प्रयोग लंगडा आहे, पण पाठवतो."

सरांची गाडी वळली, तशा काकू पंप लावून आल्या. "तुह्यं मोजून झालं?"

"झालं."

त्या धुरा ओलांडून गेल्या आणि डोमाजींच्या पहिल्या ओळीपासून फवारू लागल्या. डोमाजी बघतच राहिले.

"आता काय उपेग, वहिनी? पिवळी झाली ते झाली."

"हिरवी हायेत त्याइले तं मिळन."

डोमाजी त्यांच्यामागे चालत राहिले. दुसऱ्या ओळीला म्हणाले, "वहिनी, तवा तुमच्या पानापाशी बुंदीचं टोपलं रिकामं झालतं. मी दुसरं आणाले गेलतो. आलो तं तुम्ही उठून गेल्या होत्या."

पंप थांबला.

"मंग हे तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलतच नव्हत्या."

काकूंनी पदराने डोळे पुसले, पंपाचा दांडा पुन्हा हलवला आणि म्हणाल्या, "बाजूले व्हा भाऊजी, अंगावर उडन." मग त्या पुढे निघाल्या, पिवळं झाडही न वगळता.