ओंजळीतली काच

सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालचे शुक्राणू मोठे होऊन दिसत होते, अगदी मरगळलेले. मग थेंबमहाराजांनी त्याच नमुन्याची दुसरी काच ओंजळीत धरली, कोटी सूर्यांचं तेज, सप्तपाताळांची ऊर्जा असं बरंच काही पुटपुटले आणि तिच्यावर कुपीतला थेंब सोडला. पडद्यावर एकच धावपळ उडाली. लोक भारावून गेले.

मागच्या रांगेत ताईंचा जळफळाट झाला. वंध्यत्व उपचार केंद्राची प्रयोगशाळा त्या सांभाळत. तिथे उपचारासाठी शुक्राणू द्रावणात धुऊन वेगळे करताना त्यांची झीज होते. ती रोखायला द्रावणात अँटिऑक्सिडंट किती घालावं, या प्रश्नापायी त्यांनी उमेदीची वर्षं वेचली होती. हाती आला होता जेमतेम फरक. आणि आज त्यांचा सख्खा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत महाराजांपुढे हात जोडून बसला होता. नमुना त्याचाच. केंद्रातले उपचार सोडून तो हे थेंब घेणार होता. भावजयीचं वय मात्र थांबणार नव्हतं.

मत्सराची नजर तीक्ष्ण असते. चेल्याने पहिली काच ज्या स्टीलच्या ताटात परत ठेवली, त्याला बाहेरून घाम फुटलेला ताईंना दिसला. प्रयोगशाळेतल्या नवख्या मुलींना त्या गार ताट वापरण्याच्या याच चुकीबद्दल रागावत. काच गार पडली की शुक्राणू निपचित होतात, हाताची ऊब मिळाली की पुन्हा धावू लागतात.

त्या उठल्या. पहिली काचही ओंजळीत धरून दाखवा, थेंब न घालता, एवढीच मागणी त्यांनी केली.

महाराज गोड हसले. "माते, तुझ्या तोंडून मत्सर बोलतोय."

"बोलतोय ना. मत्सर माझा आहे, महाराज. पण ताट तुमचं गार आहे."

हशा पिकला. महाराज मुहूर्त टळल्याचं सांगू लागले. तेवढ्यात भावानेच ताटातली काच उचलली. नमुना माझा आहे, म्हणाला, आणि ती तळहातांत धरून बसला. मंत्र नाही, थेंब नाही. काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि पडद्यावर तीच धावपळ.

भावजयीने ताईंजवळ येऊन हळूच विचारलं, "वन्सं, मग तुमच्या औषधाने तरी होईल ना बाळ?"

हो म्हणायचा ताईंना मोठा मोह झाला. सगळी सभा त्यांच्याच तोंडाकडे पाहत होती.

"माहीत नाही गं. ते झीज थोडी रोखतं, जास्त झालं तर अपायच करतं. पण माझ्याही शब्दावर जाऊ नकोस. कुणी गुण आल्याचं सांगितलं, की औषध न घातलेली काचही मागायची, आणि दोन्हींना सारखंच वागवलंय का ते विचारायचं. उद्या दोघं या. दोन्ही काचा तुझ्याच हातात देते."