हॅस्केटच्या बुटांवर फिरलेली कानस

मी एक जुनी कानस आहे, मित्रांनो. माझ्यावर जो आळ आला तो ऐकलात, तर तुम्हीही अवाक व्हाल.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यातला. पोलादाच्या पट्टीवर दात पाडले, तापवून पाण्यात बुडवलं आणि झाले मी कानस. हॅस्केट नावाच्या नालबंदाने मला आणलं. नव्या नालाच्या कडा मी गोल करायचे, म्हणजे चालताना घोड्याचा एक पाय दुसऱ्याला लागून चिरत नसे. किती समाधानाचं काम होतं ते!

नालबंदाचा मुलगा लायमन बेसबॉलमध्ये नावारूपाला आला आणि मला पिशवीत टाकून घेऊन गेला. तेव्हाची मैदानं खडकाळ. पकड यावी म्हणून बुटांखाली लावलेले खिळे खड्यांवर घासून घासून धारदार होत. बेस म्हणजे धावून गाठायचा टप्पा; तिथे पाय पुढे करून घसरताना तो राखणाऱ्याला इजा नको म्हणून लायमन सामन्याआधी बाकावर बसून ते माझ्याकडून बोथट करून घेई. लांबून बघणाऱ्यांना वाटे, हा धार लावतोय! त्याचा सोबती गस श्रोडर मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "नीट घास रे बाबा. आज गावात मटण स्वस्त होऊ दे."

समोरच्या संघाचे चेहरे पांढरे पडत. लायमनने खरं सांगावं, असं मला फार वाटे. तो नुसता हसायचा. गसला म्हणायचा, "घाबरू देत की. घाबरलेला गडी बेस सोडतो, मला फुकटात वाट मिळते."

मग तो दिवस आला. लायमन पाय पुढे करून घसरत तिसऱ्या बेसवर आला. तिथे समोरच्या संघाचा ओझ्रो पेल बेस राखत उभा होता. खिळे पाहताच त्याने उडी मारली, तो वाकडा पडला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. अंगावर साधा ओरखडा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'कसाई हॅस्केटने पाय चिरला.' मी सुन्न झाले. इतकं धडधडीत खोटं छापतात?

लायमन बूट आणि मला घेऊन इस्पितळात गेला. पेलने खिळ्यांवरून अंगठा फिरवला.

"हे तर बोथट आहेत."

"कायमच बोथट असतात."

"मग बोलला का नाहीस, हॅस्केट? मी त्यांनाच घाबरून उडी मारली."

लायमनने बूट आणि मला पुन्हा पिशवीत टाकलं.

त्यानंतर न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, भेटेल त्याला तो खरं सांगत सुटला. लोक म्हणाले, नाव जातंय म्हणून सारवासारव चाललीये. मरेपर्यंत कोणी त्याचं ऐकलं नाही.

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. माझ्यासमोर जाणकार हमरीतुमरीवर येतात. एक त्याला खाटीक म्हणतो, दुसरा संत. एकदा काठी टेकत म्हातारा पेल आला. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, धार होती की नव्हती?

"नव्हती," पेल म्हणाला. "पण पाय त्याच्यामुळेच मोडला."

अधिकाऱ्याने माझ्याखालच्या पाटीवर यातलं दुसरं वाक्य तेवढं घातलं.

मित्रांनो, कोणी तुम्हाला विनाकारण भीत असेल, तर गंमत बघत बसू नका. त्याच दिवशी त्याचा हात धरा आणि त्याला तुमचे खिळे चाचपून बघू द्या.