अल्लाउद्दीनभाईंचा टाका

कापूरहोळला टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या अल्लाउद्दीनभाईंचा टाका उसवला, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या झुल्फिकारनं गोव्याहून जुना पतंग आणला, माणसाला फळीवर उभं करून पाण्यावरून ओढत नेणारा. नवा परवडणारा नव्हता. तरी त्यानं कापड उन्हात धरून पाहिलं, दोऱ्या ताणल्या, पतंगाच्या फुगवायच्या नळ्यांत हवा भरून दिवसभर ठेवली. माल चोख होता.

तो जेवायला गेला, तेव्हा भाईंनी पतंगाचा कमरेला बांधायचा पट्टा ओढून पाहिला. तो हिसक्यासरशी सुटून हातात आला.

"हितंच फसवलं पोराला," ते पुटपुटले. सांगून त्याचा हिरमोड कशाला, म्हणून त्यांनी काळ्या पट्ट्यावर काळाच दोरा घातला आणि दिसणारही नाही असा पक्का शिवून टाकला.

दुसऱ्या दिवशी धरणावर वारा अचानक चढला. पतंगानं झुल्फिकारला फरफटत नेऊन काठच्या खडकावर आपटलं.

दफन झाल्यावर त्याचा मित्र सार्थक पतंग घेऊन आला. "चाचा, वारा आवरंना झाला की ह्यो पट्टा ओढायचा, पतंग अंगापासनं सुटतो. त्यानं लई ओढला. सुटलाच न्हाई."

भाईंनी पट्टा हातात घेतला. पतंगाच्या पार चिंध्या झाल्या होत्या. टाका एकही उसवला नव्हता.